टाकीतली वाट

मी आयुष्यभर रंगकाम केले असे सांगितले की लोक मला दिवाणखान्याला हिरवा बरा की पिवळा, असे विचारतात. भिंतीतले मला काही कळत नाही. माझा धंदा लोखंडाचा. पूल, पाण्याच्या टाक्या, कारखान्यांच्या छपरांच्या कैच्या, धुराडी. यांना रंग शोभेसाठी लावत नाहीत. लोखंड हे मुळात मातीतून ओढून काढलेले असते आणि त्याला परत मातीत जायची घाई असते. हवा आणि पाणी त्याची ती इच्छा पुरी करायला टपून बसलेली असतात. त्यांना मध्ये अडवायचे, एवढेच आमचे काम. कायमचे कुणालाच अडवता येत नाही. पाच-सात वर्षे अडवले की गंगेत घोडे न्हाले.

काम म्हणाल तर बारा आणे खरवडण्याचे आणि चार आणे रंगाचे. तारेच्या ब्रशाने घासून गंज काढायचा, लोखंड उघडे पाडायचे, आणि त्याला हवा लागून पुन्हा गंजायच्या आत जवसाच्या उकळलेल्या तेलात कालवलेल्या शेंदराचा हात मारायचा. होय, शेंदूरच. देवाला लावतात तोच. शिसे जाळून तो करतात आणि लोखंडाला त्याच्याइतका इमानी राखणदार मी पाहिला नाही. वरचा करडा किंवा काळा रंग ही नुसती बंडी. अंगातला सदरा शेंदराचा.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला कृष्णेवरच्या एका रेल्वेपुलावर मी देखरेखीला होतो. रोज पोत्यातला शेंदूर थोडा कमी भरायचा. चोर शोधायला निघालो. चोर सापडला नाही, देव सापडले. पुलाच्या दोन्ही अंगांना मैलभर जेवढे म्हणून बरे धोंडे होते तेवढे नारिंगी झाले होते. मुकादमाला जाब विचारला तर तो म्हणाला, "आवं सायेब, पुलाला तीन-तीन हात, आन द्येवाला एकबी न्हाई?" यावर कंपनीच्या नियमावलीत उत्तर नव्हते. त्यातल्या दोन देवांची आता जत्रा भरते. एकाचा मूळ धंदा मैलाचा दगड हा होता, हे मला ठाऊक आहे. पुजाऱ्याला सांगण्याचे धैर्य झालेले नाही.

त्याच पुलावरच्या एका म्हाताऱ्या रंगाऱ्याचे हात मनगटातून लोंबू लागले. दुखत नव्हते, सुजले नव्हते. उचलता येत नव्हते, इतकेच. लोक म्हणाले, देवाची वस्तू लोखंडाला फासली, देवाने धरले. मी म्हटले, शिसे पोटात गेले. बिडीतून, नखांतून, भाकरीतून. म्हातारा दोन्ही बाजू ऐकून घेई आणि कोपराने मान खाजवी. दोन्ही मते एकाच पोत्यातून निघाली होती, हे तेव्हा माझ्या लक्षात आले नाही. शिकलेल्या माणसाला आपले मत कुठल्या पोत्यातून निघाले हे सहसा दिसत नाही.

हे सांगितले ते एवढ्यासाठी की पुढची हकिकत वाचताना मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा आहे, असा कुणाचा समज होऊ नये. तेव्हा ठेवत नव्हतो, आजही ठेवत नाही. तरीही ही हकिकत मी आजवर सांगितलेली नाही.

आटपाडीच्या पलीकडे तेव्हा एक लहान संस्थान होते. आमच्या भागात संस्थाने अशी सांडलेली होती की सकाळी सायकलवर निघालेला माणूस दुपारपर्यंत तीन राजांच्या हद्दी ओलांडी आणि तिन्ही हद्दींत रस्ता सारखाच वाईट असे. या संस्थानच्या अधिपतींनी गावाला पिण्याच्या पाण्याची टाकी बांधली होती. चार उंच पायांवर उभी, रिव्हेट मारलेल्या पत्र्यांची, वरून झाकलेली. तळ परातीसारखा खोलगट. छपराला एकच भोक, माणूस जेमतेम उतरेल एवढे. त्यांच्या वाढदिवसाला टाकीत पाणी सोडायचे ठरले होते, आणि आतून रंग लावण्याचे काम आमच्या कंपनीकडे आले होते.

पिण्याच्या पाण्याला आतून शेंदूर चालत नाही. शिसे पाण्यात उतरते. तिथे डांबरी काळा रंग लावतात. तो पातळ करायला आम्ही टर्पेंटाइन वापरायचो. लढाईमुळे ते मिळेना, म्हणून कंपनीने दुसरेच काहीतरी डब्यांतून पाठवले होते. पाण्यासारखे स्वच्छ, वासाला गोडसर. पुष्कळ पिकलेल्या फळांच्या खोलीत शिरल्यासारखे वाटे. मी वास घेतला, बरा वाटला, आणि पावतीवर सही केली.

टोळीचे मिस्त्री तासगावचे दस्तगीर. पन्नाशीचे, दाढी राखलेले, बोलणे कमी. हाताखाली आठ-दहा माणसे, पण टाकीत उतरणारे दोघेच: तासगावचाच हणमा, आणि कऱ्हाडला लागून असलेल्या मलकापूरचा शिदू. शिदू तिशीचा, अंगाने काटक, हाताचा आणि तोंडाचा सारखाच जलद. टाकीत एका वेळी एकच माणूस सोडायचा. कमरेला दोरी, हातात ब्रश, गळ्यात डबा. आत दिवा चालत नाही. ठिणगी पडली की सगळे संपले. म्हणून वर भोकापाशी बसलेला माणूस न्हाव्याच्या आरशाने उन्हाचा कवडसा आत टाकतो. आतल्याने "डावीकडं" म्हटले की कवडसा डावीकडे सरकवायचा. आणि पत्रा जसजसा काळा होत जातो, तसतसा तो उजेड गिळत जातो. इतर कामांत काम झाले की उजळते. या कामात जेवढे काम होईल तेवढा अंधार वाढतो.

पहिल्या दिवशी मी वर चढलो तेव्हा दस्तगीर मिस्त्री भोकात तोंड घालून विचारत होते, "पुढं?"

आतून शिदूचा आवाज घुमत वर आला, "करगणी!"

दोन हात मारण्याइतका वेळ गेला. "पुढं?"

"भिवघाट!"

"पुढं?"

"खानापूर!"

मी विचारले, "मिस्त्री, हे काय चाललंय?"

"शिदू घरला चाललाय, सायेब."

मला वाटले थट्टा आहे. थट्टा नव्हती. ही त्यांची जुनी रीत होती. टाकीत उतरला की माणसाने कामाच्या गावापासून आपल्या घरापर्यंत वाट चालायची. वरच्याने "पुढं?" म्हणायचे, आतल्याने पुढचे गाव सांगायचे. आटपाडी, करगणी, भिवघाट, खानापूर, विटे, कडेगाव, ओगलेवाडी, कऱ्हाड, मलकापूर. घर आले की बाहेर यायचे, वारा खायचा, आणि पुन्हा उतरून पुन्हा आटपाडीपासून. शिदू मलकापूरला पोचला की वर आणखी ओरडे, "आन कारभारीन दारात हुबी! म्हनतीया, आलासा? का वाट चुकून आलासा?" आणि छपरावरचे सगळे हसत.

"आणि गाव चुकलं तर?" मी विचारले.

"तर वडायचं. इचारायचं न्हाई, थांबायचं न्हाई. वडायचं."

"का?"

"चुकलेल्या मानसाला पुढं इचारलं का त्यो पुढं जातोय, सायेब."

मला हे गावठी वाटले, पण निरुपद्रवी. माणसे गाणी म्हणतात, ही गावे म्हणत होती.

चौथ्या दिवशी हणमा आत होता. तासगावची वाटही विट्यापर्यंत तीच. करगणी झाले, भिवघाट झाले, खानापूर झाले. मिस्त्री म्हणाले, "पुढं?" आतून आवाज आला, अगदी नेहमीचा, "दिवटेवाडी."

मिस्त्रींनी आरसा टाकला आणि दोरी ओढली. दोघा-तिघांनी हणमाला भोकातून बाहेर काढले. तो हसत होता. शुद्धीवर होता, आणि चिडलाही होता.

"का वडलं रं? आलं हुतं की गाव! दिवं दिसाय लागलं हुतं."

"कसलं दिवं रं, गड्या? आत अंधार गुडूप हाय," ओढणाऱ्यांपैकी एक जण म्हणाला.

"लय हुतं," हणमा म्हणाला, आणि ओकला.

अर्ध्या तासाने त्याला काही आठवत नव्हते. दिवटेवाडी कुठली विचारले तर म्हणाला, "कंची वाडी?" मी संध्याकाळी मुक्कामावर तालुक्याचा नकाशा पसरून पाहिला. त्या वाटेवर नाही, आसपासही नाही. सकाळी मिस्त्रींना तसे सांगितले.

"न्हाईच हाय," ते म्हणाले. "माझ्या उस्तादाच्या टोळीत एकजन कोकनातला हुता. त्याची वाट येगळी, गावं येगळी. त्योबी तितंच गेला हुता."

मी त्यांना समजावून सांगितले की हणमाने ही गोष्ट त्यांच्याच तोंडून कधीतरी ऐकलेली असणार, वासाने डोके गरगरल्यावर ती वर आली. मिस्त्रींनी मान हलवली. "मी कुनाला सांगत न्हाई, सायेब. नाव घेतलं का वाट हुती." माझे स्पष्टीकरण मला पटले होते. आजही बरेचसे पटते.

वाढदिवसाला दोन दिवस उरले आणि दिवाणसाहेबांनी समारंभाची रंगीत तालीम काढली. टाकीच्या पायांशी मांडव, गालिचा, भालदार-चोपदार, सनईवाले, डॉक्टर, हेडमास्तर, सगळे हजर. अधिपती स्वतः येणार नव्हते. त्यांच्या जागी खुर्चीवर त्यांचे जरीचे पागोटे ठेवले होते. प्रत्येक जण येऊन त्या पागोट्याला तीन मुजरे करून बाजूला होत होता. मी छपरावरून पाहत होतो. पागोट्याखाली कुणी नाही, हे मुजरा करणाऱ्यांच्या चेहऱ्यांवरून मुळीच कळत नव्हते.

आमचा तळ तेवढा रंगवायचा राहिला होता. तो त्या दिवशी झाला नाही तर वाळायला वेळ मिळणार नव्हता. शिदू आत होता. दिवाणसाहेब मानपत्र वाचू लागले.

"ज्यांच्या औदार्याची सीमा..."

"भिवघाट!" टाकी गरजली.

मांडवात कुणीतरी फुसकन हसले. दिवाणसाहेबांनी वर पाहिले, चष्मा सारखा केला आणि पुन्हा सुरुवात केली. "ज्यांचे पूर्वज मूळचे..."

"खानापूर!"

चोपदार वर धावत आला. त्याच्या मागोमाग मी खाली गेलो. दिवाणसाहेब आवाज न चढवता म्हणाले, "तुमच्या माणसांना गप्प करा. जमत नसेल तर दुसरी कंपनी पाहू." माझे वय अठ्ठावीस होते, आणि हे काम मला मिळालेले पहिले स्वतंत्र काम होते.

वर येऊन मी सुधारणा केली. मिस्त्रींना सांगितले, ओरडायचे नाही. मी दोरीला एक हिसका देईन, शिदूने उलट एक हिसका द्यायचा. अर्थ तोच, आवाज नाही. उलट ही रीत जास्त शास्त्रीय होती. शिदूला वर बोलावून मी स्वतः समजावले.

"म्हंजी गाव म्हनायचं न्हाई?"

"मनात म्हण."

"मनातल्या वाटंला कोन सोबत, सायेब?" तो हसत म्हणाला.

"पुढं गप्प राहायचं. हुकूम आहे."

"बरं. गप तर गप," म्हणून तो उतरला. मिस्त्रींनी आरसा घेतला. दोरी मी माझ्या हातात घेतली, कारण रीत माझी होती.

खाली मानपत्र सुरू झाले. मी हिसका दिला, लगेच उत्तर आले. पुन्हा दिला, पुन्हा आले. ब्रशाचा पत्र्यावर घासल्याचा आवाज येत होता. मग सनई सुरू झाली आणि तो ऐकू येईना. पण दोरी बोलत होती. मी एक हिसका, आतून एक हिसका. मला त्या सोयीचा अभिमान वाटला, हे कबूल करतो. कंपनीला या पद्धतीवर एक टिपण पाठवावे, असाही विचार मनात येऊन गेला.

मिस्त्री हळूच म्हणाले, "सायेब, ह्यो शिदू न्हवं."

"म्हणजे काय? उत्तर येतंय की."

"येतंय. पर शिदू घाईचा मानूस. ह्यो सावकाश देतोय."

मी हिसका दिला. क्षणभर काही नाही. मग दोरी आतून ओढली गेली, मऊ, जड, एखाद्याने झोपेत कूस बदलावी तशी. मिस्त्रींनी कवडसा तळावर फिरवला. काळ्यावर काळे, काही दिसले नाही.

"हाक मारतो."

"थांबा," मी म्हणालो. "मानपत्र संपू द्या. दोन परिच्छेद राहिलेत."

हे मी म्हणालो. खाली हेडमास्तर पागोट्याला मुजरा करत होते. मी आणखी तीन-चार वेळा हिसका दिला आणि दर वेळी उत्तर घेतले. किती वेळ गेला ते मला सांगता येत नाही. दोन परिच्छेद, एवढे खरे.

दुसऱ्या परिच्छेदाच्या मध्येच मिस्त्रींनी भोकात तोंड घातले आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असे ओरडले, "शिदूऽऽ! पुढं?"

टाकीने तो शब्द फिरवून फिरवून परत दिला. सनई थांबली. दिवाणसाहेब थांबले. मांडवातले सगळे चेहरे वर झाले. आतून काही आले नाही. मी दोरी ओढली नव्हती; माझ्या हातात ती ढिली पडली होती. आणि त्या शांततेत ती आतून एकदा, सावकाश, ओढली गेली.

मिस्त्री ओला फडका तोंडाला बांधून उतरले. पन्नाशीचा माणूस. शिदूच्या काखेखालून दोरीला कडीची गाठ मारून त्यांनी त्याला वर दिले आणि स्वतः भोकाच्या कडेला लोंबकळत राहिले, तेव्हा त्यांनाही ओढावे लागले. शिदूचा श्वास चालू होता, घरघरत. खाली मांडवात डॉक्टर होतेच. ते जरीच्या अंगरख्यात धापा टाकत शिडी चढून आले, आणि त्या दिवसाच्या जमावात कामाचा माणूस तोच एक निघाला.

दोरीचा उलगडा मी नंतर केला. दोरी कमरेला बांधलेली, तळ खोलगट. मी ओढले की शिदूचे निपचित अंग उतारावरून थोडे वर यायचे, सोडले की घसरून जागी जायचे; तोच मला हिसका वाटे. म्हणजे मी माझ्याशीच बोलत होतो, आणि मला उत्तरे पसंत पडत होती. फक्त शेवटचा हिसका या हिशेबात बसत नाही. पुष्कळदा बसवून पाहिला.

दुपारी मी आत डोकावलो. ओल्या रंगावर शिदू पडला होता तिथे माणसाचा पुरा ठसा उमटला होता. डोके, खांदे, अंगाशी चिकटलेले दोन्ही हात. तेवढ्या आकाराचा पत्रा उघडा राहिला होता. त्यावर हात मारायला कुणी उतरेना. मीही उतरलो नाही. वाढदिवसाला त्याच्यावर पाणी सोडले, आणि अधिपतींनी, या वेळी पागोट्याखाली स्वतः होते, मला शाल आणि नारळ दिला. दिवाणसाहेबांनी मानपत्र न अडखळता वाचले. गाव ते पाणी प्याले. टाकी गंजायला सुरुवात कुठून होणार, हे फक्त आमच्या टोळीला ठाऊक होते, आणि मिस्त्रींनी त्या दिवसापासून माझ्याशी बोलणे सोडले होते.

शिदू तिसऱ्या दिवशी उठून बसला. हणमा त्याला घरी घेऊन गेला. बरा आहे, असा निरोप आला. मी तो निरोप लगेच खरा मानला.

दीड वर्षाने कोयनेवरच्या एका पुलाचे काम निघाले. मलकापूर अगदी लगतच होते. पहिले पंधरा दिवस मला सवड झाली नाही. म्हणजे मी होऊ दिली नाही. मग एका संध्याकाळी गेलो. शिदू दारात बसून शेंगा फोडत होता. तब्येत चांगली. मला पाहून त्याने अदबीने मान हलवली, जशी कुठल्याही पाहुण्याला हलवावी. त्याची बायको बाहेर आली. मी कोण ते नीट सांगितले नाही. कामावरचा आहे, एवढेच म्हणालो.

"बसा की. च्या ठेवते," ती म्हणाली. "तसं सगळं बरं हाय. खात्यात, पित्यात, रानात जात्यात. पर जानं हुतंय, येनं हुत न्हाई. कुनीतरी हाताला धरून आनावं लागतंय. सांजंचं हितंच बसून वाट म्हनत्यात. कऱ्हाडापातुर एकबी गाव चुकत न्हाई. पुढलं गाव काय येत न्हाई. आता ह्योच गाव की, आवं! मी हजारदा सांगितलं. माझं ऐकत न्हाईत." ती चुलीकडे वळली. "तुमी कामावरचं हाय. तुमी इचारून बगा."

मी शिदूजवळ बसलो. "आटपाडी," मी म्हणालो. "पुढं?"

त्याचा चेहरा उजळला. "करगणी."

"पुढं?"

"भिवघाट. खानापूर. विटं." तो हाताने शेंगा फोडत होता, गावे भराभर येत होती, पूर्वीसारखीच. "कडेगाव. ओगलेवाडी. कऱ्हाड."

बायको चुलीपासून उठून दाराशी येऊन उभी राहिली.

"पुढं?" मी विचारले.

शिदूचे हात थांबले. त्याने इकडेतिकडे पाहिले, मग माझ्या अगदी जवळ सरकला आणि गुपित सांगावे तसा कुजबुजला.

"पुढं गप ऱ्हायाचं. सायबाचा हुकूम हाय."

"कंचा सायेब, कुनाला ठावं," ती म्हणाली, आणि चहाची कपबशी माझ्यापुढे ठेवली. मी चहा प्यालो.